तिसरा रकाना

कुठलीही वस्तू तीनदा तपासल्याशिवाय हातावेगळी न करणारा माणूस त्यानं उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता, आणि आता, अकरा वर्षांनी, तो माणूस त्याच्या गळ्याशी उभा राहून शर्टाच्या दोन बटणांमध्ये माइक अडकवत होता. टक. नखानं माइकवर एक टिचकी. हॉलच्या मागच्या टेबलावर हिरवा दिवा लागला असावा, कारण त्या माणसानं तिकडं वळून पाहिलं आणि मान हलवली. लागला दिवा, चालतोय माइक, आता जा बाबा, असं तो मनात म्हणतो न म्हणतो तोच दुसरी टिचकी. टक. आणि मग जरा थांबून, जणू पहिल्या दोन टिचक्यांवर विश्वास ठेवणं हा निव्वळ गाढवपणा आहे, अशी तिसरी. टक. ही तिसरी त्याला थेट छातीच्या हाडावर बसल्यासारखी वाटली. त्यानं खाली पाहिलं. विरळ झालेले केस, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, कमरेला पांढऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. "सर, मान जरा वर," तो माणूस म्हणाला. "बोलताना छातीवर हात मारायची सवय आहे का तुम्हाला?" "नाही." "बरं झालं. कुणाकुणाला असते. मागं बसलेल्यांना वाटतं, दार ठोठावतंय कुणीतरी." आणि तो वायर हातावर गुंडाळत, पाठीला किंचित पोक काढून, घाई नावाची गोष्टच जगात नसल्यासारखा, मधल्या वाटेनं मागं निघून गेला. चाल तीच होती. कासव.

तो पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याच्या आधीचा वक्ता अजून मंचावर होता आणि दर वाक्यात 'प्रवास' हा शब्द आणत होता. टीमचा प्रवास, कोडचा प्रवास, चुकांकडून शिकण्याकडं प्रवास. या माणसानं बसल्या जागी एवढा प्रवास केला असेल तर त्याचे पाय कसे दुखत नाहीत, असा विचार एरवी त्याच्या मनात आला असता आणि तो खूश झाला असता. सॉफ्टवेअर बनवायचं सोडून सॉफ्टवेअर कसं बनवावं हे सांगत फिरणाऱ्यांची ही सगळी जमात त्याला तोंडपाठ होती. एकजण लोकरीचा गुंडा घेऊन यायचा आणि लोकांत फेकायचा. एक बाई सगळ्यांना उभं करून हात ताणायला लावायची. बाहेरच्या दालनात निरनिराळी अवजारं विकणाऱ्या कंपन्यांची टेबलं मांडलेली होती, आणि प्रत्येक कंपनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आपल्या नावाचे पायमोजे कोंबत होती. घरी त्याचा एक अख्खा खण अशा पायमोज्यांनी भरला होता. मुलगी त्यांनी बूट पुसायची. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथं तर गाईंना आपण लंगडत असल्याचा अभिमान होता. आणि या सगळ्यांत तोही होता, गळ्यात तीच रंगीत दोरी, दोरीला तेच नावाचं कार्ड, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'वक्ता'. सहा वर्षांत त्यानं कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती. पोहणं शिकवणाऱ्या माणसानं सहा वर्षं आंघोळ केलेली नसावी, तसं.

त्याचं भाषण 'भिंतीला विचारा' या नावानं ओळखलं जाई. तोही त्या वर्तुळात 'भिंतवाले सर' म्हणूनच ओळखला जाई. विद्या म्हणाल तर एवढीशी. मोठ्या कामाचे बारके तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका कार्डावर लिहायचा, आणि ती कार्डं भिंतीवरच्या चार रकान्यांतून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकवायची: करायचं, चालू, तपासणी, झालं. रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीपुढं उभं राहून काल काय केलं आणि आज काय करणार ते पंधरा मिनिटांत सांगायचं. बसायचं नाही, कारण बसलं की माणसं विचार करू लागतात. पुढं कागदाच्या कार्डांची जागा पडद्यावरच्या कार्डांनी घेतली, ज्या त्या कंपनीनं आपापली भिंत विकायला काढली, रकान्यांना रंग आले, कार्डांना घंटा आल्या. पण तुकडे तेच, रकाने तेच, आणि ते समजावून सांगायला तोच. चाळीस मिनिटांपैकी पहिली बावीस मिनिटं या अवजारांची तुलना चाले. ती ऐकताना लोक खाली मान घालून फोन बघत आणि तो त्यांच्या टाळूंकडं बघत बोलत राही. मग तेविसाव्या मिनिटाला तो थांबे, टेबलावरचं पाणी पिई, आणि म्हणे, "आमच्या टीममध्ये एक कासव होता." लगेच माना वर व्हायच्या आणि चेहरे दिसू लागायचे.

गोष्ट साधी होती. कासव हा टेस्टर, म्हणजे इतरांनी लिहिलेलं तपासून पाहणारा. सगळ्यांची कार्डं भराभर सरकतात, आणि एक कार्ड, चारशे बारा नंबरचं, कासवाच्या नावानं तिसऱ्या रकान्यात बसून राहतं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. इथं तो एकेक दिवस बोटांवर मोजून दाखवी आणि हॉल हसू लागे. एकोणीस दिवस! शेवटी साहेब विचारतात, काम अडलंय कुठं? कासव मान बाहेर काढतो – इथं तो स्वतःची मान हळूच पुढं काढून दाखवी, हमखास हशा – आणि म्हणतो, "भिंतीला विचारा." "मग आम्ही विचारलं," तो म्हणे. "आणि मित्रांनो, भिंतीनं सांगितलं." कडकडून टाळ्या. या एका गोष्टीवर त्यानं अकरा वर्षं काढली होती. आणि आज कासव हॉलच्या मागं कानाला हेडफोन लावून बसलेला. खुर्च्यांवरच्या तीनशे माणसांच्या आधी प्रत्येक शब्द त्याच्या कानात पडणार. गोष्ट गाळावी तर भाषणात उरतं काय? पायमोजे. सांगावी तर सांगायची कुणाच्या तोंडावर? खाई त्याला खवखवे, म्हणून त्याचा घसा आत्ताच खवखवू लागला होता. त्यानं मान न वळवता मागं पाहायचा प्रयत्न केला, आणि ते जमत नाही हे त्याला पन्नाशीच्या आसपास नव्यानं कळलं.

सकाळी निघताना बायकोनं दारातच विचारलं होतं, "आज पण कासव?" "त्याशिवाय बोलावतात कशाला?" "नाही, म्हटलं किती वर्षं उताणा पाडून ठेवणार आहेस त्याला. पाय झाडत असेल बिचारा." मुलगी आतून ओरडली, "बाबा, मान काढून दाखव ना एकदा!" आणि दोघी हसल्या होत्या. तोही हसला होता, कारण घरच्या लोकांनी आपल्याला ओळखलेलं असलं की हसण्यावारी नेण्यापलीकडं हातात काही उरत नाही. बायकोनं कासवाला एकदाच पाहिलं होतं, पूर्वी, ऑफिसच्या जिन्यात. तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या त्या टेस्टरकाकांनी माझ्यासाठी दार उघडलं, मग बंद होतंय का ते बघितलं, मग परत उघडलं." त्या वेळी त्याला ते फार गमतीचं वाटलं होतं. ऑफिसात सगळ्यांनाच वाटे. कासव हे नाव कुणी ठेवलं हे कुणालाच आठवत नव्हतं. आता स्वतःपुढं तरी कशाला खोटं बोलायचं, नाव त्यानंच ठेवलं होतं. नोकरीला लागल्याच्या चौथ्या महिन्यात. त्याआधीचे तीन महिने कासव रोज त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसत असे आणि त्याला काम शिकवत असे. त्याच्या चुका कासवानं कधी चारचौघांत सांगितल्या नाहीत. कागदाच्या कपट्यावर बारीक अक्षरांत लिहून तो कपटा कीबोर्डखाली सरकवून ठेवायचा. सकाळी येऊन कीबोर्ड उचलला की चिठ्ठी. 'तारीख उलटी पडते. बघ.' एवढंच. खाली सही नाही, टोमणा नाही. अशा माणसाचा राग येतो. जो आपल्याला सावरून घेतो आणि त्याचा गाजावाजाही करत नाही, त्याच्यावर हसण्याखेरीज त्याची परतफेड होत नाही. निदान त्याला तरी तेव्हा तसं वाटलं असावं. आता कुणी सांगावं.

चारशे बारा नंबरचं कार्ड होतं डोळ्यांच्या एका दवाखान्याचं. कुणाचं ऑपरेशन कुठल्या दिवशी, किती वाजता, याची यादी ठेवणारा प्रोग्राम. लिहिला होता त्यानं. लिहून झाल्यावर कार्ड तिसऱ्या रकान्यात, कासवाच्या ताब्यात गेलं आणि तिथंच राहिलं. "काय अडलंय, काका?" "एक गोष्ट दोनदा दिसली. तिसऱ्यांदा दिसेना." "काय दिसलं?" "दिसल्यावर सांगतो." एकदा दिसतं तो भास, दोनदा दिसतं तो योगायोग, तिसऱ्यांदा दिसलं तरच बोलायचं, हा कासवाचा नियम, आणि त्या तिसऱ्या वेळेची वाट पाहत तो एकच बटण दिवसभर दाबत बसे, वहीत एकेक रेघ ओढत. इकडं दोन आठवड्यांची मुदत संपत आलेली. भिंतीवरून दर आठवड्याला उरलेल्या कामाचा एक आलेख निघायचा आणि साहेब तो वरच्यांना दाखवायचे. एका कार्डापायी आलेखाची रेघ खाली यायचं नाव घेत नव्हती. तेव्हा एक दिवस सकाळी नऊला दहा मिनिटं असताना, कुणी आलेलं नसताना, त्यानं चारशे बारा उचललं आणि चौथ्या रकान्यात चिकटवलं. झालं. कागदाची चिकट कड भिंतीवर दाबून बसवतानाचा अंगठा त्याला अजून आठवतो. गुन्हा म्हणावा असं काही नव्हतंच ते. एक फूटभर सरकवणं. कासव आला, पाहिलं, काही न बोलता कार्ड परत तिसऱ्या रकान्यात. त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं नेलं. कासवानं पुन्हा मागं आणलं. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि साहेबांच्या लक्षात आलं. "हे कार्ड मागं कोण घेतंय?" "मी," कासव म्हणाला. "आणि पुढं कुणी नेलं होतं?" पंधरा माणसं उभी. तो कासवापासून दोन हातांवर. कासवानं त्याच्याकडं पाहिलं असतं तरी पुरलं असतं. कासव समोर बघत म्हणाला, "भिंतीला विचारा." साहेबांना तो उद्धटपणा वाटला. महिनाअखेर कासव घरी. कार्ड त्याच दिवशी चौथ्या रकान्यात, आलेखाची रेघ सुतासारखी सरळ खाली. आणि आठ महिन्यांनी दवाखान्यातून निरोप आला: दोन खिडक्यांवरच्या दोघांनी एकाच क्षणी नोंद केली की एक नोंद नाहीशी होते. एक म्हातारी सकाळपासून उपाशीपोटी बाकावर बसून राहिली, संध्याकाळी तिला सांगितलं, आजी, यादीत तुमचं नावच नाही. त्यानं चूक पंधरा मिनिटांत शोधली, अर्ध्या तासात दुरुस्त केली. नवीन नंबरचं नवीन कार्ड, सकाळी पहिल्या रकान्यात, दुपारी शेवटच्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. याला म्हणतात वेग, ते म्हणाले.

प्रवासी वक्त्याचा प्रवास संपला. टाळ्या झाल्या. संयोजक बाईंनी त्याची ओळख करून दिली, 'ज्यांना आपण सगळेच प्रेमानं भिंतवाले सर म्हणतो', आणि तो पायऱ्या चढला. मंचावरच्या उतरत्या टेबलावर त्याचा लॅपटॉप आधीच उघडून, वायर जोडून ठेवलेला होता. दिव्यांमुळं मागच्या भिंतीपर्यंत काही दिसत नव्हतं; फक्त अगदी टोकाला एक छोटा हिरवा ठिपका. तो बोलू लागला. अवजारं, रंग, घंटा. टाळू. अठराव्या मिनिटापर्यंत त्याचं ठरलं होतं की गोष्ट गाळायची. विसाव्या मिनिटाला त्याला वाटलं, कासवाऐवजी गोगलगाय म्हणावं, आणि या कल्पनेची त्याला इतकी शिसारी आली की एक वाक्य अर्धवट सुटलं. तेविसाव्या मिनिटाला पडद्यावर भिंतीचा फोटो आला. खरी भिंत, पिवळी कार्डं. आणि हात आपोआप पाण्याच्या ग्लासाकडं गेला. अकरा वर्षांची सवय. बैल घाण्याला जुंपलेला असला की डोळ्यांवर झापड असो नसो, फिरतो गोलच. "आमच्या टीममध्ये एक कासव होता," त्याचं तोंड म्हणालं. चेहरे वर झाले. एक दिवस, दोन दिवस. हशा. एकोणीस दिवस! मोठा हशा. मान मात्र त्यानं बाहेर काढली नाही, ती त्याच्यानं काढवली नाही, आणि तिथं ती पोकळी राहिली. तीनशे माणसं हसायला तोंड उघडून बसलेली आणि समोर काहीच येत नाही. त्या पोकळीत तो हिरव्या ठिपक्याकडं बघत म्हणाला, "ते कार्ड तो अडवून बसला नव्हता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते कार्ड मीच पुढं सरकवत होतो. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा त्याला माझं नाव माहीत होतं, आणि त्यानं ते घेतलं नाही."

पंख्यांचा आवाज येऊ लागला. आता कुणीतरी उठेल, त्याला वाटलं, म्हणेल, मग अकरा वर्षं काय सांगत होतास रे? कुणी उठलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं डोळ्यांना बोट लावलं. एकानं फोन वर धरला, मग आणखी चार-पाच जणांनी. आणि मग टाळ्या सुरू झाल्या, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. माणसं उभी राहू लागली. आयुष्यात पहिल्यांदा या लोकांपुढं खरं बोललो, आणि यांनी तेही पायमोज्यांसारखं पिशवीत टाकलं! अशी तुच्छता त्याला यांच्याबद्दल कधी वाटली नव्हती, आणि ती क्षणभरच टिकली, कारण पुढच्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की टाळ्या ओसरायची तो नेमकी वाट पाहतोय, किंचित मान खाली घालून, पुढचं वाक्य ओठांवर धरून. पश्चात्तापातही त्यानं टाळ्यांसाठी बरोबर जागा सोडली होती. आणि म्हातारी? म्हातारी त्यानं सांगितली नव्हती. तिथवर गोष्ट नेली असती तर टाळ्या पडल्या नसत्या हे त्याच्या जिभेला त्याच्याआधी कळलं होतं. उरलेली पंधरा मिनिटं तो काय बोलला कुणास ठाऊक. शेवटी दिवे लागले, लोक जेवायला उठले. त्यानं लॅपटॉप मिटला, उचलला, आणि लॅपटॉपच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा टेबलाला हलकेच चिकटवलेला दिसला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'एकोणीस नव्हे, बावीस दिवस. बघ.'

त्यानं तुकडा सोडवून बोटावर घेतला. लॅपटॉप इथं मांडला गेला त्याच वेळी चिठ्ठी ठेवलेली. म्हणजे भाषणाच्या आधी. म्हणजे तो काय सांगणार हे माहीत असताना, आणि त्यानं काय कबूल केलं याच्याशी काडीचा संबंध नसताना. तो मधल्या वाटेनं मागं गेला. कासव दुपारच्या सत्रासाठी दुसरा माइक पुसत होता.

"चिठ्ठी मिळाली," तो म्हणाला.

"हं. मागच्या वर्षी दुसऱ्या हॉलला तू आला होतास, तिथंही माझंच काम होतं. तेव्हा एकोणीस म्हणालास. मला वाटलं, चुकून. यंदा परत यादीत दिसलास, म्हटलं कळवावं."

"म्हणजे सकाळी ओळखलं होतंत मला?"

"अरे, बाहेर तुझा सहा फुटी फोटो लावलाय."

"मग सर कशाला म्हणालात?"

"सगळ्यांनाच म्हणतो. तंटा राहत नाही." कासवानं त्याच्या शर्टावरचा माइक काढून घेतला, वायर बोटांवर गुंडाळली.

"चिडला नाहीत तुम्ही?"

"चिडलो ना. मागच्या वर्षी तू मान काढून दाखवलीस तेव्हा तुझा आवाज बंद करावा असं फार वाटलं. बोट होतं बटणावर. पण ते काही माझं काम नाही." मग तो थांबला. चष्मा डोळ्यांवर चढवला, परत उतरवला. "एक विचारायचं होतं. इतकी वर्षं डोक्यात आहे. ती चूक पुढं सापडली का? मला दोनदा दिसली होती. तिसऱ्यांदा दिसायच्या आत त्यांनी घरी पाठवलं. होती, की मलाच आपला भास?"

'नाही' हा शब्द अगदी तयार होता. हलका, गुळगुळीत, हातात बसणारा. नाही काका, काही नव्हतं, तुम्ही उगाच. कोण विचारायला जाणार होतं? त्याच्या मनात आलं की एवढ्यासाठी हा माणूस अकरा वर्षं थांबला. माफीसाठी नाही, नोकरीसाठी नाही. आणि त्याच क्षणी त्याला कासवाचा हेवा वाटला, कधी कुणाचा वाटला नव्हता तसा.

"होती," तो म्हणाला.

"दोघांनी एकदम बटण दाबलं की?"

"हो. एक नोंद जायची."

"वाटलंच." कासवाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "कधी सापडली?"

"आठ महिन्यांनी."

"कुणाला त्रास?"

"एक म्हातारी होती. यादीतून नाव गेलं तिचं. दिवसभर उपाशी बसून राहिली."

"झालं का मग ऑपरेशन?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

"नाही."

"दिसतं का तिला?"

"नाही माहीत, काका."

कासवानं तेव्हा वर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं असेल. त्यात राग नव्हता. रागाची त्याला तयारी होती. तुच्छतेचीही होती, तो स्वतः त्या कामातला जुना कारागीर. ही नजर त्याला माहीत होती ती दुसरीकडून. दोनदा बिघडलेली वस्तू तिसऱ्यांदाही बिघडली की कासव तिच्याकडं असाच बघायचा, आणि वहीतल्या रेघा मोजून वही मिटायचा. "बरं," कासव म्हणाला. मग त्यानं दुसरा माइक उचलला, टक, हिरवा दिवा लागला, टक, आणि तिसऱ्या टिचकीसाठी बोट वर धरलं, आणि समोरचा माणूस गेला की नाही हे पाहायलाही तो वळला नाही.

दाराबाहेरच्या भिंतीवर संयोजकांनी तीन रकाने आखलेले होते: आवडलं, ठीक, वेळ गेला. ऐकून जाणाऱ्या प्रत्येकानं एक रंगीत कागद आपल्या मनाप्रमाणं चिकटवायचा अशी तिथली रीत. पहिला रकाना भरून कागद एकमेकांवर चढले होते. तिसरा कोरा. संयोजक बाई कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होत्या. "सर! काय बोललात हो! अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी हेच हवं हं आम्हाला. फक्त ती कबुली जरा आधी घेता येईल का? तेविसाव्या मिनिटापर्यंत माणसांना भुका लागतात." त्याच्या बोटावर अजून तो चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यानं तो तिसऱ्या रकान्यात, वेळ गेला या अक्षरांखाली, लावला आणि अंगठ्यानं कड दाबून बसवली. पांढऱ्या भिंतीवर पांढरा तुकडा, दिसेलसा नव्हताच. पण बाईंची नजर तेज.

"अहो सर, तुमचंच तिकडं? चुकून लागलं वाटतं." त्यांनी नखानं तुकडा सोडवला, डोळ्यांजवळ धरला. "बावीस दिवस… हे कशाचं? असू दे, छानच असणार." आणि तो पहिल्या रकान्यात, सगळ्या रंगीत कागदांच्या वर, थोपटून चिकटवला.

हात लांबवला असता तर पुरला असता. फूटभर अंतर. कासवानं चारशे बारा तीनदा मागं आणलं होतं, पंधरा माणसांसमोर, नोकरी जाईपर्यंत. आतून, बंद दारापलीकडून, तिसरी टिचकी ऐकू आली. त्यानं हात लांबवला, बाईंनी पुढं केलेली पायमोज्यांची पिशवी घेतली, आणि म्हणाला, "थँक्यू."